सैगलची सही

कुंदनलाल सैगलची गाणी एकूण किती, याची मोजदाद जाणकारांनी केव्हाच करून ठेवली आहे. ती १८५ भरतात. १४२ चित्रपटांतली आणि ४३ चित्रपटांबाहेरची, म्हणजे गझला, भजने, काही बंगाली गाणी. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीचा हा सारा ऐवज. मुद्दल तसे थोडेच, पण पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी त्यावर व्याज चढतेच आहे. त्या व्याजाचाच एक प्रकार म्हणजे सैगलला श्रद्धांजली म्हणून निघालेल्या ध्वनिमुद्रिका, कॅसेटी आणि सीडी. तीच गाणी, पण दुसऱ्या गळ्यांतून, नव्या वाद्यमेळात, खरखर नसलेल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात. यातल्या बऱ्याच मी हौसेने विकत घेतल्या आणि हौसेने लावल्या. दुसरे कडवे संपायच्या आत मन मूळ तबकडीकडे धाव घेऊ लागे.

गाणारे काही ऐरेगैरे नव्हते. सैगलपेक्षा कितीतरी अधिक रीतसर तालीम घेतलेले गळे त्यांत होते. सूर पक्का, ताल चोख, भाव ओतप्रोत. मग कमी पडते ते काय? हे शोधायचे तर तबकडी जरा बाजूला ठेवून त्या माणसाच्या आयुष्याकडे जावे लागते.

सैगलचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मूत झाला. वडील अमरचंद संस्थानात तहसीलदार. मुलाने शिकावे आणि नोकरीला लागावे, अशी चारचौघांसारखी त्यांची अपेक्षा. आई केसरबाई भजनात रमणारी. ती मुलाला बरोबर घेऊन सत्संगाला जाई, आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या या मुलाच्या कानांत ते सूर मुरत गेले. रामलीलेत तो सीतेचे काम करी. पुढे एका सूफी पीराच्या ठिकाणी त्याचे जाणे-येणे सुरू झाले. गंडा बांधून, गुरूपुढे वर्षानुवर्षे बसून तो गाणे शिकला नाही. आपल्याकडे गायकाच्या चरित्रात घराणे, गुरू आणि पहाटेचा रियाज ही तीन कलमे भरावीच लागतात. सैगलच्या बाबतीत पहिली दोन रिकामीच राहतात.

शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि नोकऱ्या सुरू झाल्या. रेल्वेत टाइमकीपर, मग रेमिंग्टन कंपनीच्या टाइपरायटरचा फिरता विक्रेता, मधे काही काळ हॉटेलातले काम. टाइपरायटर विकणाऱ्याला गावोगाव हिंडावे लागते, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, अनोळखी माणसासमोर बसून दोन मिनिटांत त्याचा विश्वास मिळवावा लागतो. समोरच्याशी हळू आवाजात, त्याच्या एकट्याशी बोलावे तसे बोलण्याची ही सवय सैगलच्या गाण्यात उतरली, असे मला नेहमी वाटत आले आहे. याला पुरावा काही नाही. पण जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला असली नाती चटकन दिसतात.

हिंडत हिंडत तो कलकत्त्याला पोचला. तिथे बी. एन. सरकार यांनी न्यू थिएटर्स ही चित्रसंस्था उभी केली होती. संगीत विभागाची धुरा रायचंद बोराल यांच्याकडे होती, जोडीला पंकज मलिक आणि पुढे तिमिर बरन. बोरालनी या उंच, किडकिडीत, विरळ होत चाललेल्या केसांच्या पंजाबी तरुणाला ऐकले आणि न्यू थिएटर्सने त्याला दरमहा २०० रुपयांवर ठेवून घेतले. १९३२ मध्ये त्याचे पहिले तीन चित्रपट आले. नाव लागले ते सैगल काश्मिरी असे. तिन्ही पडले. मात्र त्याच सुमारास कलकत्त्याच्या हिंदुस्थान रेकॉर्ड कंपनीने त्याची झुलन्याच्या गाण्याची तबकडी काढली, आणि पडद्यावर न चाललेला हा माणूस घराघरांतल्या फोनोवर चालू लागला. १९३३ च्या 'पूरन भगत'मधल्या भजनांनी आणि त्याच वर्षीच्या 'यहूदी की लड़की'तल्या गालिबच्या गझलेने पुढचे काम केले. १९३४ मध्ये 'चंडीदास' आला, १९३५ मध्ये 'देवदास', आणि मग सैगलला ओळख करून देण्याची गरज उरली नाही.

त्या काळातल्या यंत्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्याआधीच्या पिढीने भोंग्यात तोंड घालून, जोर लावून गाणी भरली होती. आपल्या संगीत रंगभूमीवरच्या गायकनटालाही पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. सैगल आला तेव्हा विजेवर चालणारा मायक्रोफोन रुळला होता. त्याला ओरडून गाण्याची गरज नाही, हे आपल्याकडच्या ज्या थोड्या गायकांना सर्वांत आधी उमगले त्यांत सैगल अग्रभागी होता. तो माइकशी बोलला. खर्जातला शब्द तो जवळजवळ उच्छ्वासासारखा सोडतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे आपल्या एकट्यासाठी आहे. १९४० च्या 'ज़िंदगी'मधली अंगाई ऐका. चाल पंकज मलिक यांची, शब्द केदार शर्मांचे. मूल खरोखरच शेजारी झोपले असावे आणि जागे होऊ नये, इतक्या बेताने ती गायली आहे. नव्या आवृत्त्यांत अंगाई सुरू होते आणि मागून व्हायोलिनांचा ताफा उठतो. सूर सगळे जागच्या जागी असतात, फक्त मूल जागे होते.

'देवदास' हिंदीत आणि बंगालीत अशा दोन्ही भाषांत निघाला. बंगालीत दिग्दर्शक प्रमथेश बरुआ स्वतः नायक होते, हिंदीत सैगल. या हिंदी 'देवदास'मधले एक गाणे आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. आपल्या मिरजेत घर केलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्या काळी देशभर गाजत होती. खाँसाहेबांचा तो टोकदार, मधाळ, तारसप्तकात तरंगणारा सूर. सैगलने तीच ठुमरी 'देवदास'मध्ये गायली. म्हणजे आजच्या भाषेत ती श्रद्धांजलीच होती, आणि तीही हयात असलेल्या उस्तादाला. पण त्याने खाँसाहेबांसारखा आवाज काढला नाही, त्यांच्या जागा घेतल्या नाहीत, आलाप-तानांचा पसारा मांडला नाही. उद्ध्वस्त झालेला एक जमीनदाराचा मुलगा जे गुणगुणेल तेवढेच तो गायला. खाँसाहेबांनी हे ऐकून खूश होऊन त्याला बक्षीस पाठवले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जमणाऱ्या रसिकांपैकी जुन्या माणसांना ती सांगायला आवडे. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले.

बँकेत उमेदवारी करताना आम्हाला सह्या ओळखायला शिकवत. नमुना सहीचे कार्ड आणि समोर आलेला धनादेश शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. आमचे एक जुने हेडक्लार्क सांगत की खोटी सही बहुधा खऱ्या सहीपेक्षा सुबक असते. खातेदार सही करतो, दुसरा ती गिरवतो. करणाऱ्याचा हात घाईत असतो, एखादे अक्षर खातो, शेपूट कुठेही फेकतो. गिरवणारा प्रत्येक वळणावर क्षणभर थांबतो, आणि भिंगातून पाहिले की त्या थांबलेल्या जागी शाईचा बारीक ठिपका दिसतो. श्रद्धांजलीच्या कॅसेटी ऐकताना मला हे ठिपके दिसतात. सैगलने अमुक शब्दावर आवाज कापरा केला आहे, म्हणून तिथे आवाज कापरा. तमुक ठिकाणी हुंकार आहे, म्हणून तिथे हुंकार. मूळ गाण्यात तो त्या वेळच्या श्वासाने झाला होता, इथे तो आणलेला आहे.

सैगलने स्वतः जे केले त्याचा आणखी एक दाखला १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'चा. दिग्दर्शक फणी मजुमदार, नायिका काननदेवी. तोवर पार्श्वगायनाची सोय झाली होती. खुद्द न्यू थिएटर्सनेच १९३५ मध्ये 'धूप छाँव'च्या वेळी ती आणली. गाणे आधी शांतपणे भरून घ्यावे आणि पडद्यावर ओठ हलवावेत, इतके सोपे झाले होते. पण वाजिद अली शाहांची 'बाबुल मोरा' ही भैरवीतली ठुमरी आली तेव्हा सैगल अडून बसला. ती तो रस्त्यावरून चालत, गळ्यात पेटी अडकवून, कॅमेऱ्यासमोर खरोखरच गाणार. मायक्रोफोन आणि साजिंदे कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून त्याच्याबरोबर सरकत राहिले, आणि एका भटक्या गवयाचे चालते गाणे भरले गेले. लखनौहून हद्दपार झालेल्या नवाबाचा तो निरोप. त्यातला श्वास चालणाऱ्या माणसाचा आहे, उभ्या राहिलेल्याचा नाही. बंद काचेच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून, तो श्वास कुठून आणायचा?

गंमत अशी की हीच ठुमरी पुढे पंडित भीमसेन जोशींनी गायली, 'आविष्कार' या १९७४ च्या चित्रपटासाठी जगजित आणि चित्रा सिंग यांनी गायली, आणि ती ऐकताना सैगलची आठवण येऊनही निराशा होत नाही. कारण ही मंडळी सैगलकडे गेलीच नाहीत. ती त्याला वळसा घालून थेट नवाबाच्या दारात गेली.

सैगल कलकत्त्यात इतका मिसळला की खुद्द रवींद्रनाथांच्या संमतीने त्याने त्यांची गीते बंगालीत गायली. जम्मूच्या माणसाला हा मान मिळणे लहान गोष्ट नव्हती. 'प्रेसिडेंट', 'दुश्मन' अशी चित्रपटांची रांग लागली. मग १९४१ च्या अखेरीस तो मुंबईला आला, रणजित मूव्हीटोनमध्ये. १९४२ मध्ये 'भक्त सूरदास', १९४३ मध्ये 'तानसेन'. 'तानसेन'चे संगीत खेमचंद प्रकाश यांचे, आणि त्यातले दिवे पेटवण्याचे गाणे ऐकून गावोगावच्या तंबूतल्या प्रेक्षकांनी पडद्याकडे श्वास रोखून पाहिले असेल. मधे तो एकदा कलकत्त्याला जाऊन १९४४ चा 'माय सिस्टर' करून आला.

मुंबईत पैसा वाढला, तशी दारूही वाढली. प्यायल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. सैगल म्हणजे दर्द आणि दर्द म्हणजे पेला, हे समीकरण 'देवदास'पासून लोकांनी मांडले आणि बहुधा त्यानेही ते मानले. नौशाद यांनी एक हकीकत अनेकदा सांगितली आहे. १९४६ च्या 'शाहजहाँ'मधले तुटलेल्या मनाचे ते प्रसिद्ध गाणे भरायचे होते. नौशादनी आर्जव करून ते एकदा न पिता गाऊन घेतले आणि मग त्याच्या इच्छेप्रमाणे पिऊनही. दोन्ही ऐकवल्यावर सैगलने न पिता गायलेले पसंत केले. हे आधी कळायला हवे होते, अशा अर्थाचे काहीतरी तो उदासपणे बोलला. मला ही हकीकत फार अस्वस्थ करते. आपल्याच आख्यायिकेची नक्कल करण्यात त्या माणसाने शरीर खर्ची घातले. सैगलचा पहिला नकलाकार सैगलच होता, आणि ती नक्कल त्याला सगळ्यांत महाग पडली. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला तो गेला. वय ४२. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आले होते.

त्याच्या हयातीतच त्याची छाया इतरांवर पडली होती. मुंबईच्या सागर मूव्हीटोनने सुरेंद्रला सैगलला उत्तर म्हणून उभे केले होते. १९४५ मध्ये 'पहली नज़र'साठी अनिल विश्वास यांनी मुकेशकडून जे गाणे गाऊन घेतले, ते सैगलचेच आहे असे समजणारे आजही भेटतात. सैगल गेल्यावर किशोरकुमारला पहिले एकट्याचे गाणे मिळाले १९४८ च्या 'ज़िद्दी'त, खेमचंद प्रकाश यांच्याकडे, आणि तेही त्याने सैगलच्या चालीवर चालत गायले. १९५१ च्या 'नगीना'त शंकर-जयकिशन यांनी सी. एच. आत्मांना गायला लावले, ते ऐकताना सैगल परत आला असे लोकांना वाटले. पण मुकेश मुकेश झाला तो सैगलला सोडल्यावर, आणि किशोरचेही तसेच. आत्मांचा गळा तर किती गोड! ते मात्र त्या छायेतून फारसे बाहेर पडलेच नाहीत, आणि आज त्यांचे नाव घेताना सैगलचे नाव घ्यावेच लागते.

श्रद्धांजलीच्या कॅसेटींचे पीक आले ते १९८० नंतर. त्याला कायद्याचाही आधार होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात अशी सवलत होती की मूळ ध्वनिमुद्रिका निघून दोन वर्षे उलटली की सूचना देऊन, ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्याच्या आवाजात काढता येई. मूळ तबकड्यांचा ठेवा एका कंपनीकडे, बाजार मोठा, कॅसेट स्वस्त. मग जो तो गतकाळाच्या गायकांच्या आठवणी विकू लागला. २०१२ च्या दुरुस्तीने मुदत दोनाची पाच वर्षे केली आणि अटी कडक केल्या, तोवर कॅसेटच अस्तंगत झाली होती. तरुणांना गाण्याची संधी मिळाली, हे खरे, आणि त्यातून पुढे चांगले गायक निघाले, हेही खरे. पण एस. टी. स्टँडवरच्या दुकानात सैगलची म्हणून घेतलेली कॅसेट घरी येऊन लावावी आणि आत दुसराच कोणी निघावा, हा अनुभव त्या काळी घरोघरी होता.

या सगळ्यांत एक श्रद्धांजली वेगळी. लताबाई सांगत की लहानपणी त्यांना सैगलने इतके वेड लावले होते की मोठेपणी त्याच्याशीच लग्न करायचे असे त्या घरात बोलत. मास्टर दीनानाथांच्या घरात सिनेमाची गाणी चालत नसत, सैगलची चालत. १९४७ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच्या कमाईतून पहिला रेडिओ विकत आणला, हौसेने लावला, आणि त्यावर ऐकली ती सैगल गेल्याची बातमी. रेडिओ त्यांनी परत करून टाकला. त्याला ४५ वर्षे झाल्यावर, १९९२ मध्ये, त्यांची 'श्रद्धांजली' निघाली. त्यात दिवंगत गायकांची गाणी त्यांनी गायली, सैगलचीही. त्या संचात अंगाई ऐकताना सूर असा लागतो की बोट ठेवायला जागा नाही. तरीही माझ्यासारख्याचे मन भरत नाही, हे म्हणताना जीभ अडखळते. मला त्यात लताबाई ऐकू येतात, आणि त्यांची भक्ती. पण मन म्हणते, तो परत केलेला रेडिओ हीच खरी श्रद्धांजली होती.

यात बिघडले कुणाचे, असे कोणी विचारील. बिघडते ते नंतर येणाऱ्याचे. गॅदरिंगमध्ये नाक दाबून, गळा कापरा करून सैगलची नक्कल करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. आज तिशीतल्या मुलाला विचारा. त्याला सैगल माहीत असतो तो त्या नकलेतून. २०११ च्या 'डेली बेली'त सैगलच्या ढंगाचे एक विडंबनगीत होते, आपल्या चेतन सशितलने गायलेले. मला ते आवडले, कारण ते विडंबन आहे हे ते उघड सांगते. श्रद्धांजलीच्या कॅसेटी विडंबनच करतात आणि वर हात जोडतात. त्या ऐकून मोठा झालेला मुलगा मूळ तबकडी ऐकायलाच जात नाही. सैगल म्हणजे रडका, नाकातला, आजोबांचा, असे समजून तो मोकळा होतो. माझ्या नात्यातल्या एका कॉलेजकुमाराला मी 'प्रेसिडेंट'मधले बंगल्याचे गाणे ऐकवले, तेव्हा इतका हसरा माणूस हाच का, असे त्याने विचारले.

पूर्वी याला उतारा होता. रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या आधी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागे आणि त्यातले शेवटचे गाणे सैगलचे असे. अनेक दशके हा नेम चालला. त्या गाण्यावर लोक घड्याळ लावत, मुले दप्तर उचलत, आम्ही डबा पिशवीत टाकून निघत असू. कोणी मुद्दाम ऐकत नसे, पण खरा सैगल रोज तीन मिनिटे कानांवर पडत असे.

आता सैगलच्या ध्वनिमुद्रणांवरच्या हक्काची ६० वर्षांची मुदत कधीच संपली आहे. ती गाणी मोबाईलवर बोट लावले की फुकट मिळतात. फार साफसूफ केलेली प्रत शोधू नका. खरखर काढणारे यंत्र खरखरीबरोबर श्वासही काढते. 'शाहजहाँ'मधले, मजरूह सुलतानपुरींनी लिहिलेले, रूहीला उद्देशून म्हटलेले ते गाणे लावा आणि शेवटपर्यंत थांबा. सैगलचे गाऊन होत आले की मागच्या मेळ्यातून क्षणभर एक वेगळा, कोवळा, वर चढणारा आवाज येतो. तो विशीतला महंमद रफी. त्याच्या वाट्याला एवढाच तुकडा आला होता, आणि सैगल समोर असताना तो त्याने रफीसारखा गायला आहे.